भोंगा

इंदूरच्या स्नेहलतागंजातल्या त्या घरात रोज सकाळी एकच ओरडा असे: "अरे, दुसरा बूट कुठाय?" चौथीतला नातू एकच बूट घालून खिडकीशी कचरागाडीचं गाणं ऐकत उभा. डॉक्टरांनी एडीएचडी असल्याचं सांगून गोळी सुरू केली होती. झोप, खेळ आणि जेवणाच्या वेळा पाळायलाही बजावलं होतं. आईने जिलबी बंद केली. साखरेने हा विकार होत नाही, डॉक्टर म्हणाले; गोळीने भूक मंदावते, तेव्हा ती देण्याआधी पोटभर पोहे खाऊ द्या, वाटल्यास जिलबीसकट. वडिलांनी अकरा ओळींचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं आणि ते पाळलं नाही म्हणून रोज रागावू लागले.

आजोबा हुकुमचंद मिलमध्ये कामाला होते, १९९१ साली ती बंद पडेपर्यंत. ते म्हणाले, "आम्हाला कुठे वेळ लक्षात ठेवावी लागायची? भोंगा झाला की पाय आपसूक निघायचे. पोराच्या डोक्यात घड्याळ नाही ना, मग ते बाहेर टांगा."

त्यांनी फ्रिजवरचं वेळापत्रक काढून टाकलं आणि देवघरातली घंटा घेतली. सकाळी सहाला घंटा झाली की नेहरू पार्क, दमेपर्यंत पळापळी. पळून आलेला मुलगा वहीसमोर जरा जास्त टिकतो, हे आईने हेरलं. रात्री नऊला पुन्हा घंटा: बूट दाराशी, सगळ्यांचे मोबाइल टोपलीत, दिवे बंद.

नातवाने घंटा मानली, वडिलांनी नाही. "बाबा, एवढा एक मेसेज." आजोबा घंटा वाजवतच राहिले. शेजारच्या काकू आरती समजून डोकावल्या, तेव्हा कुठे तो मोबाइल टोपलीत पडला. शनिवारी मध्यरात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस खायला जायचा शिरस्ताही मोडला. वडील चार दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. इंदूरकराला ही शिक्षा मोठीच.

महिन्याभरात बूट सापडू लागले. डबा अजून मधूनच शाळेत राहतो, बाईंना दोनदा हाक मारावी लागते. पण आता सकाळी शोधाशोध करणारे वडील एकटेच उरले. स्कूटरची किल्ली काही केल्या मिळायची नाही. आजोबांनी न बोलता दाराशी खिळा ठोकला.

पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, हा विकार बऱ्याचदा घराण्यात चालत येतो. वडिलांनी मुलाला आजोबांबरोबर बाहेर पाठवलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"डॉक्टरसाहेब, मोठ्यांनाही तपासता का?"