फाट्यावरचा चेहरा

पोलादपूर तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवर मी मुलांसोबत चित्रं काढत बसले होते. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी समोर येऊन बसली. पेन्सिलीनं तिचा चेहरा काढून दिला. तिनं कागद बराच वेळ निरखला आणि म्हणाली, "ताई, कानातलं ऱ्हायलं." कानाचं भोक बुजू नये म्हणून घातलेली कडुनिंबाची काडी होती. ती गरिबीची खूण वाटून मी मुद्दाम गाळली होती. तिच्या लेखी ते कानातलं होतं.

या मुलांना झोपड्या आहेत, पण बऱ्याच ठिकाणी खालची जमीन दुसऱ्याच्या नावावर. दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेऊन कुटुंबं वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. तेवढे महिने भट्टीशेजारचं खोपटं हेच घर. फुटपाथवर झोपलेल्या मुलासारखं हे बेघरपण नजरेत भरत नाही.

बेघर मुलाचा चेहरा दाखवून समाजाला जागं करावं, ही कल्पना दीडशे वर्षांची आहे आणि तिची सुरुवात फारशी स्वच्छ नाही. लंडनच्या डॉ. बर्नार्डो यांनी १८७० च्या दशकात आपल्या आश्रमातल्या मुलांचे 'आधी' आणि 'नंतर' असे फोटो काढून देणगीसाठी विकले. 'आधी'च्या फोटोत मूल जास्त दीन दिसावं म्हणून कपड्यांची रचना केली जाई. १८७७ मध्ये लवादानं त्याबद्दल त्यांना दोष दिला. पत्रकार जेकब रीस यांच्या न्यूयॉर्कमधल्या गरीब वस्त्यांवरच्या १८९० च्या पुस्तकानं खरोखर सुधारणा घडवल्या. तरी त्यातली रस्त्यावर झोपलेली मुलं फोटोसाठी झोपलेली होती. हेतू चांगला होता, हे मी मान्य करते. पण चेहरा मुलाचा आणि म्हणणं दुसऱ्याचं, ही गाठ तेव्हाच बसली. काडी गाळताना मीही तेच केलं होतं, फक्त उलट्या बाजूनं.

ती गाठ सुटायला फार वेळ लागला. छायाचित्रकार मेरी एलन मार्क यांनी १९८३ मध्ये सिअ‍ॅटलच्या रस्त्यांवर टायनी नावाच्या तेरा वर्षांच्या मुलीचे फोटो काढले आणि पुढे तीस वर्षं तिच्याकडे जात राहिल्या. एका फोटोवर माणूस संपत नाही, हे त्यांना कळलं होतं. मग कॅमेराच हातातून हातात गेला. पुरुलियातून पळून आलेला, नवी दिल्ली स्टेशनवर कचरा वेचणारा विकी रॉय 'सलाम बालक ट्रस्ट'च्या आधारानं वाढला, फोटोग्राफी शिकला आणि २००७ मध्ये त्यानं रस्त्यावरच्या मुलांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं. २०११ पासून फ्रेंच कलावंत जेआर यांच्या 'इनसाइड आउट' उपक्रमात लोक आपला फोटो पाठवतात, त्याचं मोठं पोस्टर होऊन परत येतं आणि ते कुठल्या भिंतीवर लावायचं हे तेच ठरवतात. मला या साऱ्या प्रवासात हे भिंत निवडणं सगळ्यात मोलाचं वाटतं.

कारण आमचं गाव महाड. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे हजारो लोक चवदार तळ्यावर गेले, ते तहान भागवायला नव्हे. तळं सार्वजनिक होतं, अस्पृश्य मानलेल्यांना असे पाणवठे खुले करण्याचा मुंबई कायदेमंडळाचा ठराव होता, नगरपालिकेनंही ते खुलं केल्याचं जाहीर केलं होतं. कागदावरचा हक्क पाण्याला हात लागेपर्यंत हक्क नव्हता. सार्वजनिक जागी आपण आहोत, हे आपल्या देहानं सांगायचं असतं, ही शिकवण या तालुक्याला सुमारे शंभर वर्षांपूर्वी मिळाली. भिंतीवरचा चेहरा मला त्याच वाटेवरचा वाटतो.

पण एक पेच आहे आणि तो मी टाळू शकत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७४ काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असा फोटो छापायला मनाई करतं, आणि घर नि निर्वाहाचं साधन नसलेलं मूल त्यात येतं. कायदा रास्त आहे. मुलाचा चेहरा आयुष्यभर त्याच्या मागे लागू नये, म्हणून तो आहे. आमच्याच तालुक्यातल्या तळीये गावात २२ जुलै २०२१ ला दरड कोसळल्यानंतर कॅमेरे रडत्या माणसांच्या किती जवळ जातात, हे आम्ही पाहिलं आहे.

म्हणून वाडीवरच्या पुढच्या खेपेला मी चेहरे काढले नाहीत, कागद आणि कोळसे दिले. कोळसा त्यांच्या ओळखीचा. मुलांनी स्वतःला काढलं. त्या मुलीच्या चित्रात नाक-डोळे जेमतेम होते, त्यावरून कुणी तिला ओळखलं नसतं; कानातल्या काड्या मात्र खांद्यापर्यंत आल्या होत्या. चित्रं समाजमंदिरात लावू या, असं मी म्हटलं. ती नको म्हणाली. मला घेऊन खाली डांबरी रस्त्यापर्यंत आली आणि फाट्यावरच्या पत्र्याच्या शेडची भिंत दाखवली.

"हितं लावा. यष्टी थांबत न्हाई आमच्यासाठी. डायवरला दिसंल."