रडत्या घरांतील उपकारस्तुति

ज्या घरांतून नुकतेंच एक लेंकरूं गेलें आहे, त्या घरानें उरलेल्या लेंकरांबद्दल देवाचे आभार मानावे काय? हा प्रश्न कोणी मोठ्यानें विचारीत नाहीं. परंतु खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत हिंडतांना तो आम्हांस आयांच्या चेहऱ्यांवर पुष्कळदां दिसला आहे. धाकटें मूल कांहीं बोबडें बोलतें, आईला हसूं फुटतें, आणि त्याच क्षणीं तिचें मन तिला खातें. आपण हसलों म्हणजे गेलेल्याला विसरलों, असें तिला वाटतें. मग आभार मानणें तर दूरच; तें म्हणजे जणूं मरणाला रुकार देणें.

थेस्सलनीकाकरांस लिहितांना पौलानें प्रत्येक स्थितींत उपकारस्तुति करावयास सांगितलें. लेंकरूं मेलें म्हणून आभार माना, असा त्याचा अर्थ आम्ही करीत नाहीं. इफिसकरांस पत्रांत याहून कडक शब्द आहेत, असें येथें कोणी म्हणेल. तर त्यानें मार्टिन लूथरच्या घरीं काय झालें तें ऐकावें.

लूथरची पहिली मुलगी एलिझाबेथ 1528 सालीं, आठ महिन्यांचीहि झाली नव्हती तेव्हां वारली. पुढें 20 सप्टेंबर 1542 रोजीं विटेनबर्ग येथें दुसरी मुलगी मग्दालेना तेरा वर्षांची होऊन गेली. घरांत दहा वर्षांचा मार्टिन, नऊ वर्षांचा पौल व सात वर्षांची मार्गारेटा हीं मुलें होतीं. थोरल्या हान्सला बहिणीच्या भेटीसाठीं टोरगाव येथील शाळेंतून बोलावून घेतलें होतें. तीन दिवसांनीं लूथरनें आपला मित्र युस्टस योनास याला पत्र लिहिलें. मुलगी अशा रीतीनें सुटली याबद्दल मीं व माझ्या पत्नीनें आनंदानें आभार मानावयास पाहिजेत. परंतु स्वाभाविक मायेचा जोर इतका आहे कीं, रडल्याकण्हल्यावांचून तें आम्हांकडून होत नाहीं. तरी आमच्या ऐवजीं तूंच देवाचे आभार मान, असा त्या पत्राचा आशय आहे.

एवढा मोठा सुधारक, आणि त्यानें आपली उपकारस्तुति शेजाऱ्याच्या ओंजळींत टाकली! आमच्या गांवकऱ्यांना हें परकें वाटूं नये. सुतकाच्या घरीं चूल पेटत नाहीं. शेजारीण भाकरी व पिठलें झांकून आणते. तुमचें तुम्ही रांधा, असें त्या दिवशीं कोणी म्हणत नाहीं.

मुलें मात्र थांबत नाहींत. दिवेलागणीला त्यांना भूक लागते, नाक पुसावें लागतें, ताई कधीं येणार हें तीं दहादां विचारतात. तासापूर्वीं रडलेला पोरगा अंगणांत गोट्या खेळूं लागला, तर वडीलधारीं माणसें त्याच्यावर डोळे वटारतात. तें आम्हांस बरोबर वाटत नाहीं. त्याचा शोक खोटा नाहीं. त्याच्या लहान अंगांत तो एका वेळीं थोडाच मावतो.

आणि आई दुधांत भाकरी कुसकरते. डोळे वाहत असतात, हात घांस करीत असतो. उपकारस्तुतीचा आरंभ आम्हांस तेथें दिसतो, तोंडांत शब्द येण्याच्या कितीतरी आधीं. हातीं आहे तें आपल्या हक्काचें नव्हे, दिलेलें आहे, हें ओळखणें म्हणजेच कृतज्ञता ना? मग ज्या आईनें एक लेंकरूं मातींत ठेविलें, तिच्याइतकें तें कोणाला ठाऊक असणार? रात्रीं उठून ती उरलेल्याच्या नाकाशीं बोट धरून श्वास पाहते. तें भय व ती कृतज्ञता एकाच ज्ञानाचीं लेंकरें आहेत. गेलेल्यावरची मायाच उरलेल्याला घट्ट धरते. म्हणून या हसण्यानें मेलेल्याचें कांहींएक हिरावलें जात नाहीं.

उपदेशक बंधूंनो, अशा घरीं जाल तेव्हां बापाला उभें करून आभाराची प्रार्थना करावयास लावूं नका. जमिनीवर बसा व तुम्हीच ती करा. गेलेल्या मुलाचें नांव घ्या, टाळूं नका; मग उरलेल्यांचीं एकेक नांवें घ्या. मध्येंच धाकटें कांहीं बोललें, तर त्याला दटावूं नका. आई त्याला उत्तर देईल, तोंवर थांबा.