चिमट्यातला बाक

मिलिंद राजा रथातून भिक्खू नागसेनांना भेटायला आला. भन्ते म्हणाले, महाराज, रथ दाखवा. दांडी म्हणजे रथ का? आस? चाकं? लगाम? राजा एकेकाला नाही म्हणत गेला. शेवटी त्याला मान्य करावं लागलं, की हे सगळं एका रीतीनं जुळलं की त्याला आपण रथ म्हणतो, एवढंच. माणसाचंही तेच, आत वेगळा आत्मा बसलेला नाही. माझे वडील तेव्हाच्या औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात शिकले. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली काढलेल्या कॉलेजला पुढं या ग्रीक राजाचं नाव मिळालं, परिसराचं नाव नागसेनवन. त्यामुळे ही गोष्ट आमच्या घरात कायमची मुक्कामाला होती.

मी आयटीआय झालेली फिटर. विहारातल्या रविवारच्या वर्गासाठी पुस्तकं, सतरंज्या आणि वीस लिटरचा पाण्याचा जार न्यायचा असतो, ते कॅरिअरवर मावत नाही. लेकीची सोळा इंची सायकल तिला लहान झाली होती, तशीच एक बहिणीच्या मुलाची मिळाली. दोन्ही मोडून सायकलमागं ओढायची गाडी केली.

या सायकलींचं चाक दोन्ही बाजूंनी धरावं लागतं, एकाच बाजूनं आधार दिला तर आस वाकते. म्हणून पुढची चाकं चिमट्यासकट घेतली. चौकोनी पाइपची चौकट, दोन्ही बाजूंना एकेक चिमटा वेल्ड केलेला, वर प्लायवूड, त्यावर फळवाल्याचा क्रेट. ओढायची दांडी मोठ्या सायकलच्या मागच्या आसाला डावीकडून जोडली. मधे जाड रबरी पाइपचा तुकडा, म्हणजे वळणावर आणि खड्ड्यात सांधा मोकळा राहतो. रबर तुटलंच तर शेजारी साखळी आहे. लेक ज्या छोट्या चाकांच्या आधारानं सायकल शिकली, ती दांडीखाली लागली. आता सायकल सोडवली तरी गाडी उभी राहते. ओझं आसाच्या किंचित पुढं ठेवायचं. मागं गेलं तर दांडी वर उचलते आणि सायकलचं मागचं चाक हलकं पडतं.

लेकीनं विचारलं, “आई, यात माझी सायकल कुठंय?”

तिच्या आजोबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तेवढंच हवं होतं. चाक म्हणजे तुझी सायकल का? घंटी? ती नाही, नाही म्हणत गेली आणि मग म्हणाली, “पण हा चिमटा माझाच आहे. वाकडा आहे ना.”

ती एकदा फाटकावर धडकली होती, तेव्हाचा तो बाक. गाडी एका बाजूला ओढत होती, टायर घासत होता. दोन्ही रिममधलं अंतर पुढून आणि मागून मोजलं तर चार मिलिमीटरचा फरक. चिमट्याच्या त्या पायात लांब पाइप घालून तो सरळ केला, तेव्हा गाडी नीट चालली.

रथाची गोष्ट ज्या मिलिंदप्रश्न ग्रंथातली, त्यातच नागसेनांच्या दाखल्यातला आंबे चोरणारा म्हणतो, मालकानं लावला तो आंबा वेगळा, मी तोडले ते वेगळे. नागसेनांनी विचारल्यावर राजा त्याला सोडत नाही. पहिला नसता तर दुसरे आले नसते. तोच नाही आणि निराळाही नाही. गाडी म्हणजे लेकीची सायकल नाही, तरी फाटकाची धडक तिच्यात चालत आली, आणि त्यासाठी कुठला आत्मा एकातून दुसऱ्यात शिरावा लागला नाही.

पण नागसेन हे उदाहरण पुनर्जन्मासाठी देतात, आणि तिथं मी थांबते. बाबासाहेबांमुळे थांबते. मागल्या जन्मीच्या कर्मानं हा जन्म ठरतो, हे मत बुद्धाचं म्हणायला त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये साफ नकार दिला. गरिबांच्या हालांची जबाबदारी समाजानं आणि राज्यानं झटकायची सोय त्या मतात आहे, हे त्यांनी ओळखलं होतं. माझ्या पणजोबांना मेलेली गुरं ओढावी लागत, आणि गाव म्हणे, मागल्या जन्मीचं पाप. चिमट्याचा बाक मला दाखवता येतो, कुठल्या फाटकाचा, कुठल्या पायात, किती मिलिमीटर. काढताही येतो. पणजोबांचा मागल्या जन्मीचा बाक कुणी कधी दाखवला नाही. त्यांच्या पाठीला होता तो ओझ्याचा, आणि ओझं कुणी लादलं हे गावातल्या लहान पोरालाही माहीत होतं.

वडिलांना हे सगळंच पटत नाही. मग आंब्याचं उदाहरण ग्रंथातून काढून टाकायचं का, असं ते विचारतात. मी म्हणते, राहू द्या, पण एका आयुष्यात लावा, एका पिढीतून दुसरीत लावा. तुमचा राग माझ्यात आलाय, तो आपल्या दोघांना दिसतो. ते म्हणतात, नागसेनांनी जिथं लावलं तिथून ते हलवायचा अधिकार तुला कुणी दिला? हा प्रश्न मला हलका वाटत नाही. येत्या रविवारी वर्गातल्या मोठ्या मुलांपुढं आंब्याची गोष्ट पूर्ण वाचायची आणि दोघांनी आपापली बाजू मांडायची, एवढं ठरलं आहे.