पडद्यावरचा चोर

सिनेमा पाहून आलेल्याला घरची माणसे हमखास विचारतात, "सगळ्यांनी मिळून बघण्यासारखा आहे का?" ख्रिस्ती घरांत या प्रश्नाला आणखी एक पदर असतो. आपल्या श्रद्धेत बसेल ना? विचारणे रास्तच आहे. मनात काय घोळवायचे ते पारखून घ्या, असे पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला कळवले होतेच. पण पारखायचे कसे, इथे आपण बहुधा घसरतो. शिव्या किती, चुंबने किती, दारूचे प्रसंग किती, अशी मोजदाद होते आणि बेरजेवरून निकाल लागतो.

हॉलिवूडमध्ये एके काळी ही मोजदाद रीतसर चाले. तिथल्या चित्रपट-उद्योगाने १९३० साली नीतीची एक नियमावली स्वीकारली. तिचा मसुदा करण्यात डॅनियल लॉर्ड या येशूसंघीय धर्मगुरूंचा मोठा वाटा होता. १९३४ पासून तिची अंमलबजावणी जोसेफ ब्रीन या कॅथलिक गृहस्थांच्या हाती आली. त्यांच्या कार्यालयाचा शिक्का नसला की बड्या चित्रपटगृहांत शिरकाव कठीण. हेतू वाईट नव्हता. पडद्यावरचे पाप लोभस दिसू नये आणि कोवळ्या मनांना त्याची भूल पडू नये, ही काळजी त्यामागे होती.

१९५० मध्ये या कार्यालयापुढे एक इटालियन चित्रपट आला. व्हित्तोरियो दे सिका यांचा ‘बायसिकल थीव्हज’. युद्धानंतरच्या रोममधला बेकार अंतोनिओ. त्याला भिंतीवर जाहिराती चिकटवण्याचे काम मिळते, पण अट अशी की स्वतःची सायकल हवी. बायको घरातल्या चादरी गहाण टाकून सायकल सोडवून आणते आणि कामाच्या पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. मग बाप आणि छोटा मुलगा ब्रुनो रोमभर तिचा शोध घेत फिरतात. ब्रीन यांच्या कार्यालयाने दोन जागांवर बोट ठेवले. एकीकडे ब्रुनो लघवीसाठी भिंतीशी उभा राहतो, दुसरीकडे चोराच्या मागे धावताना अंतोनिओ वेश्यागृहात शिरतो. दोन्ही प्रसंग कापा, असे सांगण्यात आले. दे सिका यांनी नकार दिला आणि चित्रपटाला शिक्का मिळाला नाही. पुढे १९९५ साली, सिनेमाच्या शताब्दीनिमित्त, व्हॅटिकनने ४५ महत्त्वाच्या चित्रपटांची यादी काढली. धर्म, मूल्ये आणि कला असे तिचे तीन विभाग होते. ‘बायसिकल थीव्हज’ त्यात मूल्यांच्या विभागात आहे.

मोजदाद करणाऱ्यांच्या हातून नेमके काय निसटले होते? चित्रपटाचा शेवट. सगळीकडून हरलेला अंतोनिओ रस्त्याकडेला बसलेला असतो. समोर सायकलींच्या रांगाच्या रांगा आणि एका दाराशी एकटीच टेकून ठेवलेली एक सायकल. तो उठतो, बसतो, पुन्हा उठतो. प्रेक्षागृहात बसलेले आपण, आयुष्यात कुणाची काडीही न उचललेली माणसे, मनातल्या मनात म्हणत असतो, घे! तो घेतो आणि पकडला जातो. लोक त्याला मारतात, आणि पोराच्या डोळ्यांदेखत बापाची अब्रू जाते. सायकलीचा मालक रडणाऱ्या ब्रुनोकडे पाहतो आणि तक्रार न करता अंतोनिओला सोडून देतो. चोरी ही चोरीच राहते, तिला कुठे गोंजारलेले नाही. पण तोवर त्या चोरीत आपणही सामील झालेलो असतो.

बायबलमधल्या नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला असेच पकडले होते. बथशेबेला आपलीशी करून, तिचा नवरा उरीया याला लढाईत मारवून राजा स्वस्थ बसला होता. नाथानाने त्याला उपदेश केला नाही, एक गोष्ट सांगितली. कळप बाळगणाऱ्या एका श्रीमंताने गरिबाची एकुलती एक, लेकीसारखी वाढवलेली मेंढी पाहुण्यासाठी कापली. दावीद संतापला, त्या श्रीमंताला मरणाची शिक्षा बोलून मोकळा झाला. तेव्हा नाथानाने सांगितले, तो माणूस तूच. गोष्टीतल्या पात्राचा न्याय करता करता राजाने स्वतःचाच निवाडा केला होता.

श्रद्धेने चित्रपट पारखायचा तर त्याच्याकडे या नाथानाच्या बाजूने पाहावे लागते. लहानांना काय दाखवावे, काय नाही, ही खबरदारी हवीच. ती पारख नव्हे, पारखीची पहिली पायरी. कारण एकही शिवी नसलेला, घरच्यांसोबत निर्धास्त पाहता येणारा सिनेमासुद्धा सूड गोड करून दाखवतो, गरिबाला हसण्यावारी नेतो आणि आपण टाळ्या वाजवतो. मोजदादीत तो स्वच्छ ठरतो, पण टाळी आपल्याच हातांनी वाजलेली असते.

पडद्यावर काय काय दाखवले, याची यादी कुणीही करील. कुणाची चोरी मला क्षम्य वाटली, कुणाच्या मरणाचे मला समाधान झाले, हे मात्र ज्याचे त्यालाच ठाऊक. आज एखादा चित्रपट पाहिला, तर दिग्दर्शकाचा हिशेब मांडण्याआधी हा हिशेब मांडून पाहावा. चांगले-वाईट त्यानंतर बोलावे. तेव्हा त्या बोलण्यात अधिकार थोडा कमी असेल, पण खरेपणा जास्त असेल.