‘काही नाही’ म्हणण्याआधी

वासुकी तारकासमूहाच्या दिशेला, आपल्यापासून सुमारे दीड कोटी प्रकाशवर्षांवर एम ८३ ही सर्पिल दीर्घिका आहे. तिच्यातला एक तारा फुटलेला १९५७ साली दिसला. त्या सुपरनोव्हाचं नाव एसएन १९५७डी.

तारा फुटला की त्याचे अवशेष आजूबाजूच्या वायूवर आदळतात. वायू लाखो अंश तापतो आणि त्यातून क्ष-किरण निघतात. ते पृथ्वीच्या वातावरणात अडतात, म्हणून दुर्बीण अवकाशात न्यावी लागते. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं नाव दिलेली नासाची ‘चंद्रा’ दुर्बीण १९९९ साली त्यासाठीच गेली. २००० आणि २००१मध्ये तिनं एम ८३कडे सुमारे १४ तास पाहिलं. १९५७डीच्या जागी क्ष-किरण सापडले नाहीत. २०१० आणि २०११मध्ये ती पुन्हा तिकडे वळली, आणि या वेळी एकूण जवळपास साडेआठ दिवस पाहिलं. आता त्या जागी ठिपका होता. त्याच्या किरणांवरून तिथे पल्सर असावा, असाही अंदाज बांधता आला. या निरीक्षणांतून दीर्घिकेत एकूण ३७८ स्रोत मोजले गेले. त्यांतले किमान ८७ सुपरनोव्हांचे अवशेष असावेत.

तो ठिपका आधीही तितकाच तेजस्वी असू शकतो. इतक्या लांबून क्ष-किरणांचे फोटॉन एकेक करून येतात. १४ तासांत ते पुरेसे जमलेच नसतील.

हे वाचलं तेव्हा मला माझीच एक जुनी चूक आठवली. औषधांची वेळ सांगणाऱ्या एका ॲपवर मी काम करत होते. एका आजोबांची तक्रार आली : पहाटेचा गजर कधीकधी वाजत नाही. मी वीस मिनिटं तपासलं, प्रत्येक वेळी गजर वाजला. ‘दोष आढळला नाही’ असं लिहून मी तक्रार बंद केली. काही महिन्यांनी कळलं, की फोन रात्रभर न हलता पडून राहिला की बॅटरी वाचवण्यासाठी ॲपला झोपवत होता. माझ्या वीस मिनिटांत तो दोष दिसणं शक्यच नव्हतं.

प्रत्येक तक्रारीला साडेआठ दिवस देता येत नाहीत, हे खरंच. चंद्राचाही वेळ मोजकाच. एका दीर्घिकेला दिलेला दिवस दुसरीला मिळत नाही. मग माझं चुकलं कुठे? कमी वेळ पाहिलं, यात नव्हे. किती वेळ पाहिलं ते मी लिहिलं नाही, इथे चुकलं. खगोलशास्त्रात काही सापडलं नाही, तर कमाल मर्यादा देतात : इथे काही असलंच, तर ते अमुक तेजापेक्षा मंद आहे. त्या वाक्यात नकार असतो आणि आपल्या नजरेचं मापही. माझ्या वाक्यातून ते माप गळलं होतं. त्यामुळे ‘मला दिसलं नाही’चं ‘तुमचं खोटं आहे’ झालं.

यावर कुणी म्हणेल, मग ‘नाही’ म्हणायचंच नाही का? म्हणायचं. जितकं जास्त पाहू तितकी ती मर्यादा खाली येते आणि नकाराला वजन येतं. पण किती पाहणं पुरेसं, हे फक्त माझ्या सवडीवर ठरू नये. माझा अंदाज चुकला तर भोगणार कोण, हेही त्यात यायला हवं. १९५७डीला आपल्या नकारानं काही झालं नाही. दहा वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा ते तिथेच होतं. पहाटेची गोळी चुकलेल्या माणसाला मात्र आपण दहा वर्षं थांबा म्हणू शकत नाही.

आता मी लिहिते : ‘वीस मिनिटं, फोन हातात असताना तपासलं. दोष दिसला नाही. रात्रीचं तपासलेलं नाही.’ वाक्य लांबतं. साहेबांना आवडत नाही. पण तक्रार उघडी राहते आणि पुढच्या माणसाला कुठून बघायचं ते कळतं.