नीवार आणि बदललेली काच

विहित वस्तू मिळेनाशी झाली की तिच्या जागी घेतलेल्या दुसऱ्या वस्तूने तेच कर्म पुरे होते काय, या प्रश्नाचा पूर्वमीमांसेने, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावून कर्तव्याचा निर्णय करणाऱ्या दर्शनाने, फार बारकाईने विचार केला असून जैमिनीच्या सूत्रांतील सहाव्या अध्यायाचा तिसरा पाद बहुतांशी त्याच चर्चेने भरलेला आहे. मूळ द्रव्याच्या जागी येणाऱ्या अशा द्रव्याला मीमांसक ‘प्रतिनिधी’ म्हणतात. यज्ञाला व्रीही, म्हणजे साळीचे धान, सांगितले असून ते मिळत नसेल तर पाणथळीत आपोआप उगवणारे रानधान, म्हणजे नीवार, घ्यावे, हे त्याचे ठरलेले उदाहरण. धानाच्या बाबतीत हा निर्णय आज क्वचितच कोणाला लागतो. टॅबची फुटलेली काच बाजारातल्या सुट्या भागाने बदलून घेतल्यावर टॅब नीट चालेनासा होतो तेव्हा मात्र तो चांगलाच उपयोगी पडतो.

अहेरी हे तालुक्याचे गाव गडचिरोलीपासून शंभरावर किलोमीटर आणि नागपूरपासून त्याच्या दुपटीहून अधिक दूर आहे. जेईई, नीट यांसारख्या परीक्षांच्या तयारीसाठी नागपूरच्या ‘महाज्योती’ या संस्थेच्या योजनेतून पात्र विद्यार्थ्यांना मोफत टॅब मिळतात, आणि असा टॅब हातून पडून काच तडकली की नागपूरच्या अधिकृत केंद्राचा रस्ता धरायचा की गावातल्या दुकानात ‘कॉपी’ काच बसवून घ्यायची, हा पेच उभा राहतो. मुख्य द्रव्य सहज मिळत असताना प्रतिनिधी घेणे मीमांसेला मान्य नाही; पण ‘मिळते’ म्हणजे कोणाला मिळते, हे ठरवावे लागते. एका दिवसाची मजुरी, एसटीचे भाडे आणि टॅब ठेवून घेतला तर पुन्हा दुसरा हेलपाटा, एवढे ज्याच्या शक्तीबाहेर आहे त्याच्यापुरता मुख्य द्रव्याचा अभावच आहे, असे मानणे न्याय्य ठरेल.

दुकानात गरम हवेच्या गनने कडेचा डिंक मऊ करून, पातळ पत्ती फिरवून जुनी काच सोडवली जाते, नवीची स्ट्रिप सॉकेटात दाबली जाते, आणि चार दिवसांनी ‘टच वेडा झाला’ अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक परत येते: बोट न लावता अक्षरे उमटतात, पाने आपोआप उलटतात, वरच्या कोपऱ्यात बोट लागतच नाही. काचेखालच्या पारदर्शक वाहक जाळीत बोटाच्या सान्निध्याने विद्युतधारितेत जो अत्यल्प बदल होतो तो मोजूनच बोटाची जागा ठरत असल्यामुळे, मोजणीत थोडा जरी गोंधळ झाला तरी नसलेले बोट दिसू लागते. अशा वेळी दोष कोणाचा, हे ठरवायला न्यायवैशेषिकांची कारणमीमांसा कामाला येते. कापडाचे धागे हे समवायी कारण, म्हणजे ज्यात कार्य वसते ते. धाग्यांचा परस्परसंयोग हे असमवायी कारण. आणि विणकर व त्याचा धोटा हे निमित्त कारण. त्याच रीतीने काचच हलकी किंवा दुसऱ्या आवृत्तीच्या टॅबची असेल तर पहिला दोष. स्ट्रिप अर्धवट बसली, भूजोडणीची पन्नी परत लावायची राहिली किंवा फुगलेली बॅटरी खालून रेटा देत असली तर दुसरा. आणि केवळ चार्जर लावल्यावरच टच वेडा होत असेल तर बहुधा तो सदोष चार्जर, म्हणजे बाहेरचे निमित्त. दुकानदाराशी भांडण्यापूर्वी चार्जर काढून आणि वर चिकटवलेला गार्ड सोलून पाहावा, हे या तर्कशास्त्राचे सर्वांत स्वस्त फळ.

मीमांसकांचे म्हणणे असे की नीवार हा नीवार म्हणून घ्यायचा नसतो, त्याच्यात व्रीहीचे जेवढे अंश आढळतात तेवढ्यांसाठी घ्यायचा असतो. म्हणून नुसते दिसायला सारखे असून भागत नाही. याखेरीज उडीद, कोद्रू यांसारखी काही धान्ये यज्ञाला निषिद्ध असल्यामुळे साम्य असले तरी प्रतिनिधी होऊ शकत नाहीत. येथे आधुनिक प्रकरण वेगळे वळण घेते, कारण काही उपकरणांत सुट्या भागाचा क्रमांक मुख्य चिपशी जुळवलेला असतो आणि जुळणी न झाल्यास धडधाकट भागही नाकारला जातो. ॲपलची काही उपकरणे इतरत्र दुरुस्त केल्यानंतर प्रणाली अद्ययावत करताच ‘एरर ५३’ दाखवून बंद पडत. कंपनीने सुरक्षेचे कारण दिले, २०१६ मध्ये सुधारित प्रणालीही दिली. तरी अशा दुरुस्तीमुळे ग्राहकांचा हक्क संपला असे त्यांना सांगितल्याबद्दल ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने २०१८ मध्ये तिला ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. उडदाचा निषेध ज्या वेदाने केला तो मीमांसकांच्या मते अपौरुषेय, म्हणजे कोणी न रचलेला, म्हणूनच निःस्वार्थ. क्रमांकाचा निषेध करणारा मात्र स्वतःच्याच काचा विकत असतो, तेव्हा त्याच्या निषेधाला तसले प्रामाण्य देता येत नाही. भारत सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, त्यामागे हाच संशय थोड्या मवाळ भाषेत आहे.

प्रतिनिधी कशाला चालत नाही, याची यादीही त्याच पादात आहे: देवता, अग्नी, मंत्र यांना पर्याय नाही, आणि स्वामीला, म्हणजे ज्याच्यासाठी कर्म चालले आहे त्या यजमानालाही नाही. टॅबचा स्वामी तो वापरणारा विद्यार्थी, बनवणारा नव्हे. काच कोणती बसवायची याचा अखेरचा अधिकार बनवणाऱ्याकडे गेला की बदलला जातो तो भाग नसून स्वामीच.

त्याबरोबर स्वामीवरही एक बंधन येते. नित्य कर्मात, म्हणजे नेमाने करावेच लागते अशा कर्मात, एखादे अंग शक्तीअभावी कमी पडले तरी चालते. काम्य कर्मात, म्हणजे विशिष्ट फळासाठी केलेल्या कर्मात, सर्व अंगे पुरी लागतात. धडे ऐकणे आणि प्रश्नसंच सोडवणे हे पहिल्या प्रकारचे, आणि तेथे रंग थोडा फिका असलेली काच खपून जावी; लेखणीने बारीक रेषेचे चित्र काढायचे असेल तर तीच काच घेऊन दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही.

प्रतिनिधी घेतल्यावर मुख्य द्रव्य हाती आले तर काय करावे, याचाही निर्णय आहे. काम अजून व्हायचे असेल तर मुख्यच घ्यावे, कारण प्रतिनिधी त्याच्या अभावापुरताच होता. ज्यासाठी तो घेतला ते काम होऊन गेले असेल तर मुख्यासाठी ते पुन्हा करू नये. नागपूरहून मूळ काच आली आणि परीक्षा आदल्या दिवशीच संपलेली असली, तर ती खोक्यातच राहिली तरी चालते.