झिजलेलं सोनं

आमच्या कारंज्याच्या घरातल्या शिलाई मशीनवर एक प्राणी होता. धड सिंहाचं आणि डोकं माणसाचं. कारंजा हे नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव, त्यामुळे लहानपणी आम्हा भावंडांना तो नृसिंहच वाटायचा, फक्त कुणीतरी उलटा काढलेला. तो इजिप्तचा स्फिंक्स आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर दर खंडेनवमीला आईने त्याला हळदकुंकू वाहिलेलं होतं आणि त्यालाही ते चाललेलं दिसत होतं.

मशीन सिंगरचं. वडिलांनी ते सेकंडहँड घेतलं होतं. पाटावरच्या नंबराच्या सुरुवातीचं ‘वाय’ अक्षर सांगतं की ते स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यात तयार झालं. तो कारखाना १९८० साली बंद पडला. आमचं मशीन चालूच राहिलं. वडिलांनी त्यावर चाळीस वर्षं गावाचे सदरे, पायजमे, शाळेचे गणवेश शिवले. कापड सरकवताना तळहात जिथे टेकायचा तिथलं सोनेरी नक्षीकाम आधी फिकट झालं, मग पुसलं गेलं आणि शेवटी काळा रंगही विरळ होऊन खालचं लोखंड दिसू लागलं.

वडील गेल्यावर आई एकदा म्हणाली, “मी लग्न होऊन आली तवा कशी झळकत होती ही. आता पाय कशी झाली.” मी म्हणालो, जुनी वस्तू जुनीच दिसली पाहिजे. त्यावर ती म्हणाली, “काहून? जुनी झाली म्हून का तिनं फाटकंच घालाव?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी कामाला लागलो.

बबलगमच्या वेष्टणातून यायचं ते हातावर ओलं करून उमटवायचं चित्र आठवतं? वॉटर ट्रान्सफर डिकॅल त्याचाच थोरला भाऊ. कागदावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा थर असतो, त्यावर पातळ पारदर्शक पापुद्रा आणि पापुद्र्यावर छपाई. कोमट पाण्यात मिनिटभर ठेवलं की डिंक सुटतो आणि चित्र बोटाने सरकवत हव्या त्या जागी नेता येतं. मी मशीनवर बटर पेपर ठेवून उरलीसुरली नक्षी उतरवून घेतली, पुसलेला भाग दुसऱ्या मशीनांच्या फोटोंवरून भरला, कॉम्प्युटरवर रेषा नव्याने काढल्या आणि घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापलं. पहिलं चित्र पाण्यात टाकताच शाई वाहून गेली. छापल्यावर पारदर्शक अॅक्रिलिक स्प्रेचे दोन-तीन पातळ हात देऊन ते पूर्ण वाळू द्यावं लागतं, हे त्यातून शिकलो.

दुसरी अडचण जास्त मजेशीर होती. घरच्या प्रिंटरला सोनं छापता येत नाही. तो पिवळा, किरमिजी, निळा आणि काळा एवढंच जाणतो आणि खालचा कागद पांढरा आहे असं गृहीत धरतो. पारदर्शक कागदावर छापलेलं पिवळसर सोनं काळ्या मशीनवर ठेवलं की दिसेनासंच होतं. मग पांढऱ्या पापुद्र्याचा कागद आणायचा, नक्षीच्या कडेकडेने कात्रीने कापायचं आणि उरलेली पांढरी किनार काळ्या पेनने बुजवायची. बुजवता बुजवता वाटत होतं, आपण नक्की काय करतोय? दुरुस्ती की बनवाबनवी?

मी स्वतःची समजूत अशी काढली: मूळ नक्षीसुद्धा कुणी कलावंताने हाताने रंगवलेली नव्हती. कारखान्यातही डिकॅलच चिकटवून वरून वार्निश देत. तोच स्फिंक्स हजारो मशीनांवर बसलेला होता. म्हणजे मूळही नक्कलच. मग तिची आणखी एक नक्कल केली तर बिघडलं कुठे? काम झालं, आई खूश झाली. खंडेनवमीला स्फिंक्सला पुन्हा नाक-डोळे होते.

प्रश्न मिटला असं वाटत असताना जुन्या वस्तूंचा एक व्यापारी घरी आला. शहरांतल्या हॉटेलांना शोभेसाठी जुनी मशीनं पुरवणं हा त्याचा धंदा. त्याच्याकडे साधी, बरीच अलीकडची काळी मशीनं होती. त्याला स्फिंक्सचे दहा सेट हवे होते. पैसे बरे देत होता. फक्त एक अट होती: “इतकं कोरं नको, साहेब. हाताजवळ जरा घासलेलं छापून द्या. जुनं वाटलं पाहिजे.”

तांत्रिकदृष्ट्या ते सोपं होतं. वडिलांच्या मशीनचे आधीचे फोटो माझ्याकडे होतेच. तीच झीज उचलून दहा वेळा छापायची. मी विचार करून सांगतो म्हणालो, आणि खरोखरच दोन दिवस विचार केला.

नक्कल करणं हे मुळात पाप नाही, याची साक्ष कारंज्यातच आहे. इथल्या जैन ग्रंथभांडारांत शेकडो हस्तलिखितं जपली गेली. हिरालाल जैन आणि प. ल. वैद्य यांनी १९३० च्या दशकात अपभ्रंश काव्यं संपादून ‘कारंजा’ नावाच्या मालेत छापली, ती या भांडारांच्या आधाराने. हस्तलिखित म्हणजे नकलेची नक्कल. पण लेखनिक पुष्कळदा शेवटी पुष्पिका लिहितो: कुणी, कधी, कुठे, कुणासाठी उतरवलं. ती असली की नक्कल लपत नाही.

याउलट उदाहरणही आपल्या परंपरेत आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट इथेच सापडला. जमिनीचा हक्क अशा पत्र्यांवर ठरत असल्यामुळे खोटे पत्रेही बनत. मनुस्मृतीत खोटं राजशासन करणाऱ्याला देहदंड सांगितला आहे. हर्षवर्धनाच्या मधुबन ताम्रपटात तर एक गाव कूटशासनाच्या, म्हणजे बनावट सनदेच्या, जोरावर उपभोगलं जात होतं, म्हणून ते काढून दुसऱ्यांना दिल्याची नोंद आहे. तांबं खरं, अक्षरंही नीट, पण घडलेल्या नसलेल्या गोष्टीची साक्ष त्यात कोरलेली.

व्यापाऱ्याचा युक्तिवाद मला ऐकू येत होता. हॉटेलवाल्याला शोभा हवी, ती मिळते. नुकसान कुणाचं? त्या दोघांचं नसेलही. पण वस्तू माणसांपेक्षा जास्त जगतात. उद्या हॉटेल बंद पडेल, मशीन तिसऱ्याच्या हाती जाईल. त्याला ना मी माहीत असेन ना व्यापारी. त्याच्याशी बोलेल ते फक्त मशीन. त्याच्या तोंडी आज आपण काय घालतो, याला आपणच जबाबदार.

आणि खोटं नेमकं कशात, तेही मला तेव्हा उमगलं. सोनं नव्याने चढवणं म्हणजे वस्तूला नवं कापड घालणं. आई म्हणाली तेच. पण झीज हे नक्षीकाम नाही. ती कुणाच्या तरी हाताची हजेरी असते. जिथे कुणी बसलंच नाही तिथे चाळीस वर्षांची मेहनत छापणं म्हणजे न केलेल्या कामाचा हजेरीपट भरणं. तोही माझ्या वडिलांच्या तळहाताचा ठसा वापरून.

मी नाही म्हणालो. तो रागावला नाही. “दुसरा कोणी करून देईल,” एवढंच बोलला, आणि ते खरंही असेल. त्या पैशांत घराच्या पत्र्याचं काम झालं असतं, हेही खरं.

पण त्या दिवसानंतर स्वतःच्या कामाकडे पाहणं अवघड झालं. घासलेलं छापायला मी नकार दिला होता, पण खरोखर घासलेलं झाकलं मीच होतं. तळहाताच्या जागेवर लोखंड दिसत होतं, तिथे आता माझी नक्षी होती. मी मशीनच्या पाटाखाली, शटल भरतात त्या बाजूला, एक बारीक डिकॅल लावलं: ‘नक्षी नवी, कारंजा’ आणि साल. पुष्पिका म्हणा. तिने चूक सुटत नाही, फक्त लपत नाही.

आई अजून त्या मशीनवर गोधड्यांच्या कडा मारते. घरगुती पापुद्रा कारखान्याच्या वार्निशइतका टिकत नाही. दीड वर्षात उजव्या हाताजवळचं सोनं पुन्हा उडालं, तळहाताएवढंच. ही जागा वडिलांच्या जागेहून थोडी अलीकडे आहे, कारण आईचा हात लहान.

ती म्हणते, पुन्हा लावून दे. मी छापून ठेवलंय. डब्यात आहे. अजून पाण्यात टाकलेलं नाही.